डावीकडे कललेला शिक्का

भोरकडा संस्थान विलीन होऊन ब्याण्णव वर्षं झाली होती, पण ही बातमी राजवाड्यापर्यंत अजून नीट पोचली नव्हती. त्यामुळे ‘स्पर्शवाचक’ नावाचं यंत्र टेम्पोतून उतरलं तेव्हा त्याच्यापुढे नारळ फोडण्याचा मान श्रीमंत अजिंक्यराजे यांचा होता. त्यांनी नारळ हातात धरला, फोटो निघाला, मग नारळ ड्रायव्हरने फोडला. यंत्राबरोबर नागपूरहून आलेले तंत्रज्ञ वानखडे एवढंच म्हणाले, की पाणी मशीनवर उडवू नका, नाहीतर पहिला अहवाल नारळाचाच येईल.

मुक्ता हसबनीस पायरीवर उभी राहून हे बघत होती. ती राजवाड्यातल्याच भोरकडा वस्तुसंग्रहालयाची अभिरक्षक. तिच्याआधी पस्तीस वर्षं ती खुर्ची तिच्या वडिलांची होती. अण्णांचं वय आता चौऱ्याऐंशी, पण संग्रहालयातली एकूण एक पाटी अजून त्यांच्याच वळणदार अक्षरात होती. ‘वस्तूंना हात लावू नये’ हीसुद्धा.

संग्रहालयाचं तसं काही खरं नव्हतं. लोक डोळ्यांत भिंग घालून घरबसल्या जगातलं कुठलंही दालन फिरून येत होते. पोहे खाता खाता पिरॅमिडात जाऊन येत होते. भोरकड्याला कोण येणार? त्यात सरकारने सुसूत्रीकरण धोरण काढलेलं. ज्या संग्रहालयाला वर्षाकाठी दहा हजार माणसं येत नाहीत त्याची डिजिटल प्रत काढायची आणि दाराला कुलूप लावायचं. मागच्या वर्षी भोरकड्याला चारशे बारा माणसं आली. त्यातली निम्मी स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला.

श्रीमंत संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांच्याकडे योजना होती. दरबार हॉलमध्ये ‘राजस्पर्श विवाह’ करायचे. वधूवरांच्या लग्नपत्रिकेवर खुद्द थोरल्या आबासाहेब महाराजांचा चांदीचा शिक्का उमटणार. ज्या मुठीला महाराजांचा हात लागला त्याच मुठीला नवरदेवाचा हात लागणार. समारंभ करणाऱ्या कंपनीला त्यासाठी शास्त्रीय दाखला हवा होता, की हात महाराजांचाच. यंत्र तीन महिन्यांच्या करारावर आणलं होतं ते त्याचसाठी. बाकीचं संग्रहालय जिन्याखाली ‘वारसा कोपरा’ म्हणून राहणार होतं, चपलांच्या मांडणीशेजारी.

वानखड्यांनी यंत्र समजावून सांगितलं ते पत्रावळ लावायला शिकवावं तसं. माणसाने वस्तू हातात घेतली की घाम, तेल, कातडीचे कण मागे राहतात. वस्तू वापरताना तिला बारीक चरे पडतात, इतके बारीक की पुसणाऱ्याचं फडकं तिथवर पोचत नाही. त्या चऱ्यांच्या तळाशी हे सगळं साचत जातं, विहिरीत गाळ साचावा तसं, थरावर थर. पूर्वी हा थर वाचायचा तर वस्तू खरवडावी लागे. आता लागत नाही. यंत्राच्या टोकाला हिऱ्याचा कण आहे. त्यातला एक अणू काढून मुद्दाम पोकळी ठेवली आहे. आसपासच्या रेणूंचं क्षीणातलं क्षीण चुंबकत्व त्या पोकळीला जाणवतं आणि त्यावरून रेणू ओळखता येतो.

“निखळ हिरा या कामाचा नाही, मॅडम,” वानखडे म्हणाले. “दोष असलेलाच लागतो. माणसांचंही तसंच आहे, पण ते आपल्या करारात नाही.”

राहिला प्रश्न थर कधीचा आहे याचा. सजीवांच्या शरीरातली प्रथिनं ज्या रेणूंची बनतात ते रेणू जवळपास सगळे डावखुरे असतात, म्हणजे त्यांची घडण डाव्या अंगाची असते. जीव गेला की त्यातले काही हळूहळू उजव्या अंगाचे होत जातात. किती उलटले हे मोजलं की वय कळतं.

शिक्का काचेच्या कपाटात होता. पाटीवर लिहिलं होतं: ‘राजमुद्रा. चांदी. थोरले आबासाहेब महाराज (१८८९ ते १९११) हिचा वापर स्वहस्ते करीत.’ मुक्ताने मोजे घालून तो काढला आणि यंत्राखाली ठेवला. दोन दिवसांनी तीन पानांचा अहवाल आला. पहिल्या पानावर चांदीची शुद्धता. दुसऱ्या पानावर: महाराजांच्या कारकिर्दीतल्या बावीस वर्षांच्या थरांत एकाच व्यक्तीचा हात आढळतो. मुक्ताने समाधानाने पान उलटलं. तिसऱ्या पानावर: सदर हात स्त्रीचा आहे. हात डावा आहे. हाताला एरंडेल तेल आहे. तुलनेसाठी महाराजांचा हात हुक्क्याच्या नळीवरून घेतला; तिथे तो भरपूर सापडतो. शिक्क्यावर सापडत नाही.

श्रीमंतांनी तिला बंगल्यावर बोलावून घेतलं. ते कधीच रागावत नसत, रागवायला माणूस ठेवल्यासारखे शांत असत. त्यांनी दुसऱ्या पानाचं कौतुक केलं. एकच हात, बावीस वर्षं. कंपनीला याहून जास्त काय हवं? तिसऱ्या पानाने मात्र गैरसमज होतील. तेव्हा पहिली दोन पानं जोडावीत, अभिरक्षक या नात्याने मुक्ताने दाखल्यावर सही करून संग्रहालयाचा शिक्का मारावा, आणि रविवारी दरबार हॉलमध्ये तो दाखला कंपनीच्या हाती द्यावा. तसं केलं तर वारसा कोपऱ्याची प्रमुख मुक्ताच. अण्णांच्या ‘भोरकड्याची मुद्रा’ या ग्रंथाची गुळगुळीत कागदावर नवी आवृत्ती निघणार, प्रत्येक वधूवरांना भेट म्हणून.

“नाहीतर धोरण आहेच,” श्रीमंत म्हणाले. “चारशे बारा माणसं, मुक्ताताई. मी काय करणार? माझे हात बांधलेले आहेत.”

मुक्ताला वाटलं, यांच्या हातांबद्दल यंत्रालाच विचारायला हवं. पण तिने नुसती तिन्ही पानं उचलली. कारण ग्रंथाचं नाव निघालं होतं.

गोष्ट अशी की त्या बावीस वर्षांतल्या प्रत्येक कागदावर शिक्का थोडा डावीकडे कललेला होता. आधीच्या कारकिर्दीत सरळ, नंतरच्या कारकिर्दीत सरळ, मधे बावीस वर्षं कललेला. अण्णांनी या कलण्यावर अकरा पानांचं प्रकरण लिहिलं होतं. त्यांचा सिद्धांत असा, की कुलदेवीचं देऊळ महाराजांच्या बैठकीच्या डावीकडे होतं आणि महाराज राजमुद्रासुद्धा देवीपुढे झुकवत. तालुक्यातल्या दोन पिढ्या हे उत्तर लिहून पास झाल्या होत्या. अण्णांना तालुक्याबाहेर कोणी ओळखत असेल तर ते या अकरा पानांमुळे.

रात्रीचं जेवण होऊ दिलं आणि मुक्ताने तिसरं पान त्यांच्यापुढे ठेवलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं.

“एरंडेल महाराजांच्याही हाताला असू शकतं,” ते म्हणाले.

“महाराज बाई नव्हते, अण्णा.”

“यंत्र चुकतं.”

“डाव्या हाताने मारला की शिक्का डावीकडे कलतो. मी ऑफिसातला पन्नास वेळा मारून बघितला.”

अण्णा उठले आणि त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. पुढचे चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. काही सांगायचंच असेल तर कागदाचा कपटा ठेवत, पाटीच्या भाषेत आणि पाटीच्याच अक्षरात. ‘दूध. म्हशीचे. उतू गेले आहे.’ मुक्ता कपटे गोळा करत राहिली. तिने सही केली असती तर हे मौन सुटलं असतं, खुर्ची राहिली असती, ग्रंथ राहिला असता. दाखल्याचा कागद तिच्या टेबलावर होता, शिक्क्याची जागा रिकामी ठेवून.

पाचव्या दिवशी अण्णा काठी टेकत संग्रहालयात आले. काखोटीला लाल फडक्यात बांधलेलं एक बाड होतं. मुलीकडे न बघता ते थेट वानखड्यांसमोर बसले आणि त्यांनी यंत्राची उलटतपासणी सुरू केली. डावखुऱ्या रेणूंचा भाग त्यांनी पुन्हा सांगायला लावला.

“म्हणजे जिवंत असेपर्यंत सगळे डावखुरे,” अण्णा म्हणाले, “आणि मेल्यावर उजवे व्हायला लागतात.”

“हळूहळू, काका.”

“आमच्याकडे उलट समजूत आहे,” असं म्हणून त्यांनी बाड सोडलं.

बाडात महाराजांच्या काळातले अठ्ठावीस हुकूम होते. दिवाणाने तयार केलेले, पण शिक्का न उमटलेले, म्हणून कधीच अमलात न आलेले. विहीर बंद करण्याचा हुकूम होता. धरणाच्या कामावर बायांना वेठीला धरण्याचा होता. दुष्काळात गुरचरण बंद करण्याचा होता. ग्रंथात यावरही एक प्रकरण होतं, ‘महाराजांची दयाबुद्धी’. अण्णांचा युक्तिवाद सरळ होता: शिक्का उमटवायला एखादी दासी ठेवली असेल, समजा. हात दुखत असेल महाराजांचा. पण नको ते कागद बाजूला ठेवणारा तर राजाच असणार. तेव्हा या अठ्ठावीस कागदांना त्या बाईचा हात लागलेला नसेल. लावा यंत्र.

वानखड्यांनी यंत्र लावलं. संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कागद वाचून झाले. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात तोच डावा अंगठा होता. एरंडेलाचा. महाराजांचा हात एकावरही नव्हता; दिवाणाच्या कारकुनाचा होता, आणि मग तिचा.

आपलं लिहिलेलं खोटं ठरताना माणूस जसा दिसतो तसे अण्णा आधी दिसले. मग हळूहळू, पुरावा हातात आलेल्या माणसासारखे दिसायला लागले.

“तिला वाचता येत नसणार,” ते म्हणाले.

“कारकून मोठ्याने वाचून दाखवत असेल,” मुक्ता म्हणाली. “दुपारी, महाराज पडलेले असताना.”

“आणि ही पाय चेपत ऐकत असणार. एरंडेल त्याचंच.” अण्णांनी विहिरीचा कागद उजेडाकडे धरला. “ऐकलं, कोपऱ्याला धरलं आणि बाजूला ठेवलं. बावीस वर्षं. मी दयाबुद्धी म्हणून चाळीस पानं लिहिली गं, आणि बुद्धी कुणाची ते बघितलंच नाही.”

तेवढ्यात शालन चहा घेऊन आली. शालनची टपरी फाटकाबाहेर होती, पंधरा वर्षं. साठीची बाई, आवाज खणखणीत. तिने सवयीने डाव्या हाताने पेला पुढे केला आणि अण्णांनी पंधरा वर्षांच्या सवयीने तोंड उघडलं, “उजव्या हाताने दे गं...” आणि वाक्य अर्ध्यातच थांबलं. पेला हवेत तसाच राहिला. मुक्ताने वडिलांकडे पाहिलं. अण्णांनी शालनच्या हाताकडे पाहिलं.

डावखुरेपणा काही सातबाऱ्यासारखा वारसाने उतरत नाही, हे वानखड्यांनी लगेच बजावलं. गावात शंभर डावखुरे निघतील. पण तपासायला काय हरकत आहे? यंत्राच्या पाटावर तळवा ठेवला की रक्ताचं नातं कळतं. मुक्ताने शालनला विचारलं.

“पंधरा वर्सं दारात हाय म्याडम,” शालन म्हणाली. “आत या असं कुणी म्हणलं न्हाई. माझ्या चहाला तिकीट नव्हतं, मला व्हतं. आन आज एकदम हातच मागताय?”

अण्णा काठी टेकून उभे राहिले, आणि शालनला बसायला त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. शालनने खुर्चीकडे पाहिलं, पदराला हात पुसला आणि तळवा पाटावर ठेवला. यंत्र गुरगुरत असताना ती सांगत होती, की तिच्या आईची आजी सांगायची, तिची आजी म्हणे वाड्यावर पाय चेपायला होती. ठकू नाव. लई तोंडाळ बाई.

अहवाल यायला वीस मिनिटं लागली. आईच्या बाजूने सरळ रेषा, मधे खंड नाही. वानखड्यांनी तो दोनदा तपासला आणि पहिल्यांदाच करारात नसलेलं काम केलं. चहाचा रिकामा पेला स्वतः विसळून आणला.

रविवारी दरबार हॉल फुलांनी भरला होता. श्रीमंत बोलले, कंपनीच्या बाई बोलल्या, मग दाखला देण्यासाठी मुक्ताला बोलावण्यात आलं. तिने तो कागद नीट, मोठ्याने वाचून दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग कोपऱ्याला धरून टेबलाच्या कडेला ठेवून दिला.

“यावर मी शिक्का मारणार नाही,” ती म्हणाली. “हे खरं नाही. हा शिक्का बावीस वर्षं ठकूबाई नावाच्या दासीने चालवला. शाळा, कालवा, सगळ्यांसाठी खुलं झालेलं पाणी, ज्याच्यासाठी तुम्ही महाराजांच्या पुतळ्याला हार घालता, त्यावर तिचा हात आहे. आणि जे वाईट होऊ शकलं असतं त्यावरही तिचाच हात आहे, म्हणून ते झालं नाही. तिची पाचवी पिढी बाहेर चहा विकते. बोलवायचं तर तिला बोलवा.”

श्रीमंत हसत राहिले, कारण कॅमेरे चालू होते. कंपनीच्या बाईंनी तिथल्या तिथे हळूच विचारून घेतलं, की डावखुऱ्या जोडप्यांसाठी वेगळं काही करता येईल का. दार उघडंच होतं. हॉलच्या मागच्या बाजूला वाढपी, मांडववाले, बँडवाले उभे होते. त्यातला एक सनईवाला पुढे आला आणि त्याने विचारलं, वाड्यातला जुना चौघडा अजून आहे का? तो आमच्या पणज्याने वाजवलाय असं म्हणतात. तपासता का?

सोमवारी सकाळी फाटकाबाहेर ऐंशी माणसं होती. मंगळवारी रांग टपरीला वळसा घालून पुढे गेली. वानखडे म्हणाले, करार तीन महिन्यांचा आहे आणि यंत्र कशावर चालवायचं हे त्यात लिहिलेलं नाही. अण्णा टेबल टाकून बसले आणि पाट्या नव्याने लिहू लागले. ‘पालखी. शिसवी. दांड्यावर एकोणतीस हात. आतल्या लोडावर एक.’ ‘झुंबर. बेल्जियम. पुसणारे चौघे, त्यांतला एक पडून दगावला.’ राजघराण्याने ‘हात लावू नये’ ही पाटी चार पिढ्या काटेकोर पाळली होती. हुक्का आणि आरसा सोडला तर त्यांचा हात कशालाच नव्हता.

सगळ्यांना हवं तेच मिळालं असं नाही. एक निवृत्त हेडमास्तर पणजोबांचा हात शोधायला आले आणि तो चाबकाच्या मुठीवर सापडला. ते कपाटासमोर अर्धा तास उभे होते. मग अण्णांजवळ येऊन म्हणाले, “नाव लिहा पाटीवर. पुरतं लिहा, आडनावासकट.” अण्णांनी लिहिलं. भिंगातून पिरॅमिड बघणाऱ्या पोरींनी भिंगं काढून ठेवली होती, कारण भिंगात तळवा ठेवायला जागा नसते.

बुधवारी श्रीमंतांच्या ड्रायव्हरने लिफाफा आणून दिला. अभिरक्षक मुक्ता हसबनीस यांना तात्काळ सेवेतून दूर करण्यात येत आहे. संग्रहालय शुक्रवारपासून बंद. खाली अध्यक्षांची सही.

मुक्ताने पत्र अण्णांना दिलं. अण्णांनी ते वाचलं, मग सात नंबरच्या कपाटाकडे बोट केलं. तिथे विश्वस्त मंडळाची मूळ घटना होती, त्यांनीच पाटी लावून ठेवलेली. कलम नऊ: अभिरक्षकास दूर करणे किंवा संग्रहालय बंद करणे झाल्यास तो हुकूम अध्यक्षांनी स्वहस्ते लिहून स्वहस्ते सही केलेला असावा.

वानखड्यांनी पत्र यंत्राखाली सरकवलं. कागदावर तीन हात निघाले: टंकलेखकाचा, बंगल्यावरच्या व्यवस्थापकाचा, ड्रायव्हरचा. अध्यक्षांची सही व्यवस्थापकाने ठोकली होती. श्रीमंतांचा हात नव्हता.

फोन दुपारी आला. श्रीमंतांनी विचारलं, पत्र मिळालं ना?

“मिळालं,” मुक्ता म्हणाली. “आपला हात लागलेला नाही त्याला. आपण स्वतः या आणि लिहा. पेन आम्ही देऊ. रांग मात्र मोठी आहे, आणि सही झाली की तपासणी सगळ्यांसमोर होते.”

श्रीमंत म्हणाले, की ते बघून सांगतील.

शालन चहाची किटली घेऊन आत आली. आता ती तिकिटाशिवाय यायची. तिने डाव्या हाताने पेला पुढे केला आणि अण्णांनी तो घेतला, मुकाट्याने. मुक्ताच्या हातातला कागद बघून तिने विचारलं, काय आलंय?

“हुकूम आहे,” मुक्ता म्हणाली. “वाचता का?”

“चष्मा टपरीत हाय. तुमीच वाचा.”

मुक्ताने वाचलं, सगळं, सावकाश. रांगेतली माणसं जवळ सरकली. शालन किटली खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून ऐकत होती. वाचून झाल्यावर मुक्ताने चांदीचा शिक्का कपाटातून काढला आणि कागदाशेजारी टेबलावर ठेवला. मोजे न घालता.

शालनने शिक्क्याकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. मग डाव्या हाताने कागदाचा कोपरा धरला आणि तो बाजूला सरकवला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला चहा ओतला.

अण्णांनी नवी पाटी पुढे ओढली. अक्षर तेच होतं.

‘हुकूम क्रमांक एकोणतीस. कागद, २०४१. शिक्का नाही. खालच्या कोपऱ्यात डावा अंगठा: चहा.’